दलंदाची खुर्ची

कैरवान शहरात लोकरबाजारामागच्या गल्लीत एक खुर्ची होती, आणि तिच्यावर दलंदाशिवाय कुणी बसत नसे. खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. वेताची बैठक एका अंगाला खचलेली, वर मेंढीचं कातडं टाकलेलं. पण ती होती पब्लिनेटमध्ये, म्हणजे पैसे देऊन इंटरनेट वापरायच्या दुकानात, दाराला लागून असलेल्या पहिल्या कॉम्प्युटरपुढे, आणि तिथे बसून गल्लीतल्या पोरांची नशिबं वाचली जात.

हे पब्लिनेट म्हणजे राहत्या घराखालचं, दलंदाच्या सासऱ्यांचं जुनं लोकरीचं दुकान. सासरे वारले, लोकरीचा धंदा बसला, तेव्हा दोघा भावांनी, म्हणजे दलंदाचा नवरा मुंसिफ आणि धाकटा दीर लुत्फी यांनी, गासड्या एका भिंतीला लावून तिथे सहा कॉम्प्युटर मांडले. घरोघरी इंटरनेट नव्हतं तेव्हाची ही गोष्ट. मुंसिफ बस चालवायचा, लुत्फी फिरतीवर असायचा, दुकानात घरचं माणूस हवं म्हणून दलंदा बसली. शाळा तिनं लहानपणीच सोडली होती. लग्नापर्यंत ती गालिचे विणत होती, आणि ते विणणंही तिला कुणी समजावून सांगितलं नव्हतं. आईच्या पाठीमागे बसून आईचे हात बघत ती शिकली. कॉम्प्युटरही तसाच शिकली. गिऱ्हाइकांच्या पाठीमागे गासडीवर बसायची आणि हात बघायची. डाव्या कोपऱ्यात खाली दाबायचं, तिथून वर तिसरं चित्र, काम झालं की उजव्या कोपऱ्यातली फुली. तिला सगळं जागेनं पाठ होतं. त्यातलं काय कशासाठी, हे विचारलं असतं तर ती चिडली असती.

जूनअखेरीला बाकचे निकाल लागत. बाक म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा. ती सुटली तर पोर माणसांत, नाहीतर पोर चहाच्या टपरीवर. निकाल शाळेच्या भिंतीवरही लागायचा, फोनवरही मागवता यायचा. पण गल्लीतल्या आयांना तो दलंदाच्या तोंडून हवा असे. दलंदाचं तोंड शुभ, असं कुणीतरी कधीतरी म्हटलं आणि ते चिकटलं. पोर पास झालं असेल तर दलंदा खुर्चीतून न उठता मान वर करायची आणि जीभ नाचवत असा झग्रूता, म्हणजे आनंदाची किलकारी, द्यायची की लग्नघरच्या बायकांनीही कान द्यावेत. गल्लीच्या टोकाचा मकरूदवाला तो ऐकून खजुराची मिठाई तळायला चुलीवर कढई ठेवायचा. पोर नापास असेल तर ती पडदा बंद करायची, काही न बोलता उठायची आणि पाण्याचा पेला घेऊन यायची. पाणी आलं की कळायचं.

दलंदाला आयुष्यात मिळालेला मान एवढाच. आणि यंदा तर तिची स्वतःची लेक, युस्र, बाकला बसली होती. इतकी वर्षं लोकांच्या पोरांसाठी ओरडले, यंदा माझ्या पोरीसाठी ओरडणार, असं ती येईल-जाईल त्याला सांगत असे. मुंसिफ म्हणायचा, "अगं, आधी निकाल तरी लागू दे." ती म्हणायची, "तू बस चालव."

पण त्याच्या आधीच्या हिवाळ्यात नजवा आली.

लुत्फीनं बायको केली ती सूसची. समुद्राकाठच्या शहरातली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा झालेली, बोलताना मध्येच फ्रेंच शब्द पेरणारी. अंगानं बारीक, डोळे हिरवट, आणि पावलांचा म्हणून आवाज नाही. मागे येऊन कधी उभी राहिली ते कळायचंच नाही. दलंदानं पहिल्याच आठवड्यात तिचं नाव ठेवलं, मांजर. तोंडावर "नजवा, नजवा", मनात "मांजर".

जावाजावांमध्ये हेवा असतो, त्यात नवल नाही. पण दलंदाचा हेवा नळीपासून सुरू झाला. शुक्रवारच्या कुसकुसवर, म्हणजे वाफवलेल्या सांज्यावर, मांस वाटायचं काम सासूबाईंचं, हज्जा मन्नूबियांचं. मोठं ताट मध्ये, सगळे भोवती, आणि हज्जा आपल्या हातानं ज्याच्या-त्याच्या पुढ्यात तुकडा ठेवणार. कुणाला कोणता तुकडा, यावरून त्या घरात कोण कुठे आहे ते कळे. मगजाची नळी वर्षानुवर्षं दलंदापुढे यायची. एका शुक्रवारी ती नजवापुढे गेली.

"खा गं," हज्जा म्हणाल्या, "समुद्राकाठची माणसं, मासे खाऊन अंगात रक्त कुठलं राहायला!"

नजवानं नळी ताटावर ठोकली, मगज काढला, आणि मिटक्या मारत खाल्ला. दलंदाच्या वाट्याला बरगडी आली. तिनं ती चावली नाही, नुसती बघत बसली. मुंसिफनं विचारलं, "दात दुखतोय का?"

"हो," ती म्हणाली. दुखत होतं पोटात, पण ते कुणाला सांगणार?

नळी गेली ती गेली. मग कॉम्प्युटरही गेले. ते सारखे बिघडत असत. नजवानं आठवडाभर पाहिलं आणि निकाल दिला.

"लेल्ला, ही मशीनं आजारी आहेत."

लेल्ला म्हणजे मोठ्या बाईला मान देऊन मारायची हाक. दलंदाला वाटे, ही मान देते ती सुद्धा मी म्हातारी दिसावी म्हणून.

"आजारी कशानं? काल तर धड होती."

"लोक पेनड्राइव्हमधून रोग आणतात. आपण पुसायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा रोग. त्यापेक्षा मी लिनक्स टाकते. फुकट असतं, आणि असले रोग धरत नाही."

लुत्फी खूश झाला. हज्जांना ते नाव एखाद्या काढ्याचं वाटलं आणि त्या म्हणाल्या, "टाक बाई, टाक. गुण येऊ दे." दलंदाला कुणी विचारलं नाही.

दुसऱ्या शुक्रवारपर्यंत सहाही कॉम्प्युटरांचा चेहरा बदलला होता. नांदत्या घरात एके सकाळी उठावं आणि चूल कुणी भलतीकडे नेलेली असावी, तसं दलंदाचं झालं. डाव्या कोपऱ्यात खाली दाबायला गेली तर तिथे काहीच नाही. चित्रं सगळी डाव्या भिंतीला एकाखाली एक चिकटलेली. काम झालं, फुली शोधायला हात सवयीनं उजवीकडे गेला, तर फुली डावीकडे! गिऱ्हाईक मागे उभं, आणि दलंदा माशी हाकलावी तसा बाण इकडून तिकडे फिरवते आहे. दाराशी उभी असलेली शेजारची झकिया, जिला दुसऱ्याचं उणं लांबून दिसतं, ती हसत म्हणाली, "काय गं दलंदा, नवीन सासर वाटतं!"

दलंदाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तेवढ्यात पाठीमागून आवाज न करता मांजर आली, खांद्यावरून हात घालून एकदा टिचकी मारली, आणि गिऱ्हाइकाचं काम झालं.

"बसा ना लेल्ला, मी शिकवते. सोपं आहे."

"नंतर. भाजी चुलीवर आहे."

भाजी चुलीवर नव्हती. भाजी अजून बाजारात होती.

त्यानंतर गल्लीच बदलली. येणारा दारातून "दलंदा!" म्हणायचा तो आता "नजवा!" म्हणू लागला. मकरूदवाल्यानं नजवासाठी म्हणून पुडी पाठवली. दलंदा मनाशी म्हणाली, नव्याचे नऊ दिवस. पण ते नऊ दिवस काही संपेनात. आणि सगळ्यात खुपली ती युस्र. पोरगी संध्याकाळी गणितं घेऊन नजवाच्या खोलीत जायची ती जेवायलाच खाली यायची.

"आई, काकू इतकं छान समजावते! एकदा सांगितलं की डोक्यात बसतं."

"मी तुला चालायला शिकवलं, ते कुणाच्या डोक्यात नाही बसलं."

"चालायला सगळ्यांच्याच आया शिकवतात गं," युस्र सहज म्हणाली आणि वही घेऊन वर गेली.

दलंदानं त्या दिवशी हरीसाच्या चटणीसाठी मिरच्या कुटल्या. एरवी खलबत्त्याचा आवाज दोन घरं सोडून जाई, त्या दिवशी चार घरं सोडून गेला.

अशी बाई हट्टाला पेटली की मग तिला झोप लागत नाही. उन्हाळा लागला. कैरवानच्या उन्हात दुपारी कुत्रंसुद्धा रस्त्यावर नसतं; जेवणं झाली की सगळं गाव दारं लोटून झोपतं. दलंदा कूस बदलत पडे, मुंसिफ घोरायला लागला की उठे, अनवाणी खाली जाई, दुकानाचं आतलं दार उघडून खुर्चीवर बसे. नजवाकडून शिकायचं नाही, पण नजवाचं सगळं शिकायचं, असा तिचा पण होता. म्हणून दिवसा ती पुन्हा गासडीवर बसू लागली. भाजी निवडायला घ्यायची, डोळे मात्र नजवाच्या बोटांवर. हज्जांना वाटलं, थोरली सून आता शहाणी झाली, धाकटीच्या सोबतीला बसते.

रिकाम्या दुकानात चुका करायला मोकळीक होती. फुली डावीकडे, हे हाताला पटायला वेळ लागला. मग फायली. एकदा तिला 'घर' नावाचा कप्पा सापडला. बरं वाटलं. उघडला, तर आत एकच कप्पा आणि त्याच्यावर नाव, नजवा.

घर उघडलं तर आत नजवा! सासऱ्यांचं दुकान, नवऱ्यानं उचललेल्या गासड्या, आपली खुर्ची, आणि घर कुणाच्या नावावर? संध्याकाळी तिच्यानं राहवलं नाही.

"का गं, कॉम्प्युटरमधल्या घरावर तुझंच नाव का?"

नजवा हसली. "जो पहिल्यांदा टाकतो त्याचं नाव पडतं लेल्ला. त्यात काय एवढं?" मग तिचे हिरवे डोळे बारीक झाले. "तुम्ही तिथे कशा गेलात?"

"गिऱ्हाईक गेलं होतं," दलंदा म्हणाली.

मग काळी खिडकी. नजवाला मोठं काही करायचं असलं की ती एक काळी खिडकी उघडे, तिच्यात चित्र नाही, बाण नाही, नुसते शब्द. शब्द लिहिला की यंत्र हुकूम मानायचं. दलंदाला ती खिडकी फार आवडली. हिच्यात सासूसारखं बोलता येतं, तिला वाटलं. पण खिडकी हुकूम घेण्याआधी परवलीचा शब्द मागे. तो नजवानं लपवला नव्हता. पहिल्याच दिवशी सांगून टाकला होता. "सोपा ठेवलाय, तुम्ही विसरणार नाही, 'युस्र'." फ्रेंच अक्षरांत, चार कळा. दलंदाला तेव्हाही ते झोंबलं होतं. माझ्या पोरीचं नाव हिच्या कुलपाला!

दुपारी तिनं तो शब्द काळ्या खिडकीत लिहायला घेतला. पहिली कळ दाबली, काही उमटलं नाही. दुसरी दाबली, नाही. ठिपकासुद्धा नाही. तिनं कळा जोरात दाबल्या. मग फुंकर मारली. मग कीबोर्ड उलटा करून झटकला, त्यातून भोपळ्याच्या बियांची टरफलं पडली, पण अक्षर पडलं नाही. तिची खात्रीच झाली, मांजरीनं आपल्यासाठी खिडकी बांधून टाकली आहे. दुसऱ्या दिवशी गासडीवरून पाहिलं तर नजवा लिहीत होती तेव्हाही काही उमटत नव्हतं. नजवा न बघता लिहून मोकळी झाली आणि खिडकीनं ऐकलं. असं असतं होय! दलंदाला हायसं वाटलं, आणि आपल्याला इतका वेळ कळलं नाही म्हणून पुन्हा नजवाचाच राग आला.

निकाल उद्यावर आला. आदल्या दिवशी जेवताना युस्र घास हातात धरून म्हणाली, "काकू, उद्या माझा निकाल तूच बघ हं. आईच्या हातून भलतंच काहीतरी दाबलं जाईल."

ती भीतीनं म्हणाली होती. परीक्षेच्या पोरांना कशाचीही भीती वाटते. नजवा म्हणाली, "नाही गं, लेल्ला बघतील." पण ते ती इतक्या मोठेपणानं म्हणाली की दलंदाच्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या पोरीचा निकाल मी वाचायचा, तो हिच्या परवानगीनं?

त्या दुपारी दलंदा खाली गेली ती ठरवून. मागच्या कॉम्प्युटरांचे परवलीचे शब्द बदलताना तिनं नजवाला दोनदा पाहिलं होतं. काळी खिडकी उघडली, हुकूम लिहिला, जुना शब्द दिला. नव्याची जागा आली. दोन कळा एकदम दाबून तिनं अक्षरं फ्रेंचमधून आपल्या अरबीत आणली, कारण शिवी आपल्याच भाषेत गोड लागते, आणि लिहिलं, मांजर. खिडकीनं पुन्हा विचारलं, पुन्हा लिहिलं, मांजर. यंत्रानं निमूट मानलं. आयुष्यात पहिल्यांदा तिनं या नव्या यंत्राला काहीतरी करायला लावलं होतं, आणि ते झालं होतं. तिला इतका आनंद झाला की कुणाला तरी सांगावंसं वाटलं. आणि सांगण्यासारखं, कळेल असं घरात एकच माणूस होतं, नजवा.

तिचा बेत असा होता. पहिला कॉम्प्युटर उघडला की मगच बाकीच्या पाचांना इंटरनेट मिळे. सगळी लाइन त्याच्यातून जाई. सकाळी तो बंद असेल. नजवा उघडायला जाईल, उघडणार नाही. जरा घाम फुटू द्यायचा. मग आपण पुढे व्हायचं, खुर्चीवर बसायचं, सगळ्यांदेखत उघडायचं. संध्याकाळी धूळ पुसायच्या निमित्तानं तिनं कॉम्प्युटर बंद करून टाकला.

निकालाच्या सकाळी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. आया, मावश्या, सफसारीच्या चादरीची टोकं दातात धरलेल्या आज्या, भिंतीला टेकलेली पांढरीफटक पोरं. युस्र दाराच्या चौकटीला धरून उभी. दलंदा मुद्दाम मागे, गासडीशी थांबली.

"बसू का लेल्ला? तुम्ही येताय?" नजवानं विचारलं.

"तूच चालू कर गं. तुला येतं."

नजवा खुर्चीच्या कडेवर टेकली, पूर्ण बसली नाही. 'युस्र' लिहिलं. नाही. पुन्हा लिहिलं. नाही. ती कळांकडे बघून एकेक अक्षर लिहू लागली, आणि दलंदाला मनातून गुदगुल्या झाल्या. डिप्लोमावाली कळांकडे बघतेय!

"काय झालं गं?" झकियानं विचारलं. तिचा मुलगा वजदी दुसऱ्यांदा बाकला बसला होता.

"शब्द घेत नाहीये."

"बघा! सूसचं लिनक्स आमच्या पोरांचे निकाल खाऊन बसलं! पहिलंच बरं होतं, आजारी तर आजारी."

"दलंदा होती तोवर असं कधी झालं नाही," कुणीतरी म्हणालं.

काय गोड वाक्य! दलंदानं ते ऐकलं, आणि अजून एकदा कुणी म्हणावं म्हणून थांबली. बेताप्रमाणे तिनं आता पुढे व्हायला हवं होतं. पण नजवाच्या मानेवर घाम आला होता, बायका तिला बोलत होत्या, आणि हे बघायला दलंदानं हिवाळ्यापासून वाट पाहिली होती. जरा वेळ, तिनं स्वतःला सांगितलं. अजून जरा.

तेवढ्यात हज्जा मन्नूबिया धुपाची मातीची शेगडी घेऊनच आल्या. "सरका! दृष्ट लागलीय! माझ्या सुनेला कुणाचे तरी डोळे लागले!" त्यांनी शेगडी कॉम्प्युटरवरून, नजवाच्या डोक्यावरून फिरवली, पाच बोटं पसरून पुटपुटल्या, "बघणाऱ्याच्या डोळ्यांत पाच! जळणाऱ्याच्या डोळ्यांत पाच!" धूर दलंदाच्या डोळ्यांत गेला आणि पाणी आलं. सुनेला, म्हणे. मी कोण, पाहुणी?

"माझा जीव नाही राहत," झकिया म्हणाली. "टपाल कचेरीजवळच्या पब्लिनेटमध्ये जाऊ या. चला गं." बायका हलल्या, पोरं हलली, गर्दी दाराबाहेर ओघळू लागली. आणि त्यांच्याबरोबर, कुणाकडे न बघता, युस्रही निघाली.

टपाल कचेरीजवळ कोण बसतो? एक दाढीवाला पोरगा, कानात गाणी घातलेला, तो मान वर न करता सांगणार, 'पास' नाहीतर 'नापास', पुढचा! माझ्या पोरीचा निकाल तो सांगणार? नजवाचा हेवा करायला निदान नजवा ओळखीची होती. त्या दाढीवाल्याचा विचार मनात येताच दलंदाला असा हेवा वाटला की आधीचा सगळा त्यापुढे पाणी.

"थांबा!" ती ओरडली. झग्रूत्याचाच गळा तो, सगळी गल्ली थांबली. "थांबा. दृष्टबिष्ट काही नाही. कुलूप मी घातलंय."

"तू?" हज्जांच्या हातातली शेगडी तशीच राहिली.

"मी. काल. शब्द मी बदलला."

युस्र दारात वळून आईकडे बघत होती, आणि ते बघणं दलंदाला सोसेना. नजवा खुर्चीच्या कडेवरून उठली. तिचा चेहरा लाल झाला होता.

"तुम्ही बदललात? काळ्या खिडकीतून?"

"मग काय छपरातून?"

"लेल्ला, विचारलं असतंत तर मीच तुमच्या नावाचं घर करून दिलं असतं त्यात!" तिचा आवाज रागानं कापत होता. "मला इतकं बोलून घेतलं त्यांनी, आणि तुम्ही तिथे उभ्या होतात!"

दलंदा खुर्चीवर बसली, कातडं सारखं केलं, आणि लिहिलं. पाच ठिपके उमटले. नाही. पुन्हा लिहिलं, सावकाश. नाही. आता तर ती चोरही ठरली होती आणि चावीही हरवली होती.

"शब्द सांगा, मी लिहिते," नजवा म्हणाली.

"नको!" दलंदा किंचाळलीच. "तो सांगता येत नाही."

बायका हसल्या. नजवानं वाकून हळूच विचारलं, "कुठल्या अक्षरांत घातला होतात?"

"आपल्या. फ्रेंचांच्या कशाला घालीन?"

"मग बरोबर. हे दार उघडताना तो नेहमी फ्रेंच अक्षरं धरून बसतो. तुम्ही लिहिताय आपलं, तो घेतोय त्यांचं, आणि ठिपके तर सगळे सारखेच." ती मागे सरकली. "दोन कळा दाबा आधी. त्याच, नेहमीच्या. उठू नका, तुम्हीच करा."

"तू तिकडे तोंड कर."

नजवानं दाराकडे तोंड केलं. निदान दलंदाला तसं वाटलं. तिनं दोन कळा दाबल्या आणि लिहिलं. अक्षर दाखवत नाही म्हणून ज्या यंत्राला तिनं शिव्या घातल्या होत्या, तेच आता तिची शिवी झाकून उभं होतं. कॉम्प्युटर उघडला. मागच्या पाचांना इंटरनेट आलं, आणि गेलेली गर्दी दारातून पुन्हा आत लोटली.

पहिला निकाल झकियाच्या वजदीचा, रांग तिची होती. वजदी पास. दलंदानं झग्रूता दिला, जरा आखूड. मग आणखी दोन पोरं पास, मग एकीसाठी ती उठून पाणी घेऊन आली. आणि मग युस्र चौकट सोडून आली, आईच्या मागे उभी राहिली, आणि क्रमांकाचा कागद तिनं नजवाकडे न देता आईच्या पुढ्यात ठेवला. दलंदानं आकडे दाबले. पडदा पांढरा झाला, मग अक्षरं आली.

पास.

दलंदानं मान वर केली, जीभ टाळ्याला लावली, आणि आवाजच फुटेना. धूर, भीती, सकाळपासूनचं सगळं घशात येऊन बसलं होतं. सगळी गल्ली तिच्या तोंडाकडे बघत होती. आवाज नाही म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक. युस्र पाण्याच्या पेल्याकडे बघू लागली. आणि मागून कुणीतरी झग्रूता दिला. दिला म्हणजे काय, सुरू केला: फाटका, मध्येच अडकणारा, शेवटी खोकल्यात गेलेला. नजवा होती. डिप्लोमावालीला झग्रूता येत नव्हता!

पहिल्यांदा बायका हसल्या, मग युस्र हसली आणि रडली. दलंदाच्या घशातली गाठ त्या आवाजानंच सुटली. इतका वाईट झग्रूता ऐकून कुठल्याही कैरवानी बाईला गप्प बसवणार नाही. "अगं, जीभ टाळ्याला लाव! घशातून नाही काढायचा!" ती ओरडली, आणि दाखवायला म्हणून जो दिला, तो टपाल कचेरीपर्यंत गेला असेल. मकरूदवाल्यानं कढई ठेवली.

त्या दिवशी शुक्रवार नव्हता, तरी हज्जांनी कुसकुस केला. ताट मध्ये आलं, सगळे भोवती बसले. हज्जा दलंदाशी दिवसभर बोलल्या नव्हत्या. त्यांनी मांस वाटायला घेतलं. नळी हातात आली, तशी दोघी जावांची नजर तिच्यावर गेली. हज्जांनी ती एकवार दलंदापुढे नेली, एकवार नजवापुढे नेली, आणि युस्रच्या पुढ्यात ठेवली.

युस्रनं नळी ताटावर ठोकली. दोघी जावा बघत राहिल्या. घरात आल्यापासून पहिल्यांदाच दोघी एकाच माणसावर जळत होत्या.

नजवानं आपल्यापुढचा बारीकसा तुकडा उलटसुलट करून पाहिला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "आज मांजरीच्या वाट्याला काहीच आलं नाही वाटतं."

मुंसिफ म्हणाला, "कुठली मांजर? आपल्याकडे कुठे मांजर आहे?"

दलंदाचा चमचा तोंडाशीच थांबला. म्हणजे मेलीनं तोंड फिरवलंच नव्हतं. दाराकडे वळल्याचं दाखवून बोटं बघत होती. दलंदा ज्या रीतीनं आयुष्यभर शिकली, त्याच रीतीनं. तिनं नजवाकडे पाहिलं. हिरवे डोळे ताटात, ओठ घट्ट मिटलेले, हसू आवरायला.

दलंदानं आपल्यापुढचा मांसाचा मोठा तुकडा उचलला, मोडला, आणि जास्तीचा भाग नजवाच्या पुढे सरकवला.

"खा," ती म्हणाली. "पण खुर्चीवर चढायचं नाही."